व्हॉट्सअ‍ॅप चालतं, मग ट्रॅकर का नाही?

‘दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर असतात, रात्री रील्स बघतात, पोराच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म मोबाईलवरून भरतात. मग पोषण ट्रॅकर म्हटलं की यांनाच मोबाईल जड का जातो?’

भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न कुठेही ऐकायला मिळतो. तालुक्याच्या आढावा सभेत साहेब तो विचारतात, एसटी स्टँडजवळच्या टपरीवर पेपर वाचणारे विचारतात, आणि अंगणवाडी सेविका किंवा आशा संपावर गेल्या की चांगली शिकलीसवरलेली माणसंही तोच प्रश्न जरा सभ्य भाषेत मांडतात : तंत्रज्ञानाला विरोध करून कसं चालेल? विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, ते त्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. या बायांना काम टाळायचं आहे, आहारातली चोरी झाकायची आहे आणि मागून युनियनवाले फूस लावत आहेत. या तिन्ही आरोपांत काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. चोरीचा मुद्दा तर चांगलाच गंभीर आहे, त्याकडे येतोच. पण मूळ प्रश्न खरोखर विचारण्यासारखा आहे आणि त्याचं उत्तर विचारणाऱ्यांच्या सोयीचं नाही.

व्हॉट्सअ‍ॅप का चालतं ते आधी पाहू. रेंज गेली तर निरोप अडकून राहतो आणि रेंज आली की आपला आपण जातो. टाइप करायचा कंटाळा आला तर बोलून पाठवता येतो, तोही झाडीबोलीत. त्यासाठी समोरच्याचा ओटीपी मागावा लागत नाही, त्याचा चेहरा चौकटीत बसवावा लागत नाही. आणि निरोप गेला नाही म्हणून कुणाच्या मानधनाला कात्री लागत नाही की कुणा लेकराचा आहार अडत नाही. बीटच्या ग्रुपवर रात्री पर्यवेक्षिकेचा निरोप पडतो, ‘उद्या दहाच्या आत माहिती पाठवा’, आणि दहाच्या आत बीटमधल्या सगळ्या अंगणवाड्यांची माहिती गोळा झालेली असते. म्हणजे जिल्हा परिषदेचं महिला व बालकल्याण खातं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतंच आहे, आणि ते या बायाच चालवतात. त्यांना मोबाईल जमत नाही, हे वाक्य त्यांनीच मोबाईलवरून पाठवलेल्या माहितीचा तक्ता हातात धरून उच्चारलं जातं.

तेव्हा ‘येत नाही’ हे कारण बाद. आता इतिहास बघू, तो फार जुना नाही.

मार्च २०१८मध्ये पोषण अभियान जाहीर झालं आणि त्यापाठोपाठ २०१९च्या सुमारास महाराष्ट्रातल्या सेविकांच्या हाती सरकारी मोबाईल आले. त्यातलं सॉफ्टवेअर कॅस या नावानं ओळखलं जायचं. त्यात उणिवा होत्या, पण त्याची रचना निदान सेविकेच्या दिवसाभोवती केलेली होती. आज कुणाच्या घरी जायचं, कुणाची लस राहिली, कितव्या महिन्यातल्या गरोदर बाईला काय समजावायचं, हे ते तिला सांगायचं. हात बसतो न बसतो तोच ते गुंडाळलं गेलं आणि मार्च २०२१मध्ये त्याच्या जागी पोषण ट्रॅकर आला. तो इंग्रजीत होता. मराठी शाळेत शिकलेल्या, मराठी गावात काम करणाऱ्या, मराठीत रजिस्टरं लिहिणाऱ्या बाईला मराठी मुलांची नावं इंग्रजीत भरायला सांगितली गेली. मोबाईलची रॅम २ जीबी. अ‍ॅप उघडलं की फोन तापायचा, मग हँग व्हायचा आणि दुरुस्तीला नेला की बिल सेविकेच्या माथी. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी हे मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढे फेब्रुवारी २०२३च्या संपात नव्या मोबाईलची मागणी लावून धरली गेली आणि सरकारला ती मान्य करावी लागली.

इथे जरा थांबून विचार करावा. ज्या बाईला तंत्रज्ञानच नको आहे, ती ‘चांगला मोबाईल द्या आणि अ‍ॅप मराठीत करा’ या मागणीसाठी रस्त्यावर बसेल का? कामचुकार माणसाला तर बिघडलेला फोन म्हणजे आयतं निमित्त. ते निमित्त त्यांनी स्वतः होऊन परत केलं. आज ट्रॅकर मराठीत दिसतो, तो कुठल्या तज्ज्ञ समितीला जाग आली म्हणून दिसत नाही. युनियनचा आरोप इथेच निकालात निघतो. फूस लावली असेल तर ती सॉफ्टवेअर सुधारण्यासाठी लावली गेली, आणि तिचा फायदा सरकारलाच झाला.

यानंतर आली चेहरा पडताळणी. गरोदर बाई, स्तनदा माता आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळासाठी जो घरपोच आहार मिळतो, त्याच्या वाटपाला १ जुलै २०२५पासून ही पडताळणी सक्तीची झाली. आधी आधारशी केवायसी, त्यासाठी लाभार्थीच्या मोबाईलवर ओटीपी, मग वाटप करताना फोटो काढून चेहरा जुळवायचा. १ जुलै ही तारीख ज्यानं कुणी ठरवली, त्यानं धानाचा पट्टा पाहिलेला नसावा. भंडाऱ्यात जुलै म्हणजे रोवणी.

पवनी, लाखांदूर, साकोलीकडचं धानाचं कुठलंही गाव घ्या. सकाळी आठलाच बाया बांधीत उतरलेल्या असतात. कमरेत वाकून चिखलात चुडी रोवायच्या. रोजी ठरलेली, त्यामुळे मध्येच उठून अंगणवाडीत जायची सोय नाही. मग सेविका पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला मोबाईल घेऊन धुऱ्यावर उभी राहते. बाई बांधीतून वर येते, हात चिखलानं माखलेले, डोक्यावर घोंगडी नाहीतर प्लास्टिकची खोळ, चेहऱ्यावर पाऊस. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, शाळेतल्या पोरीचा. आता तिच्या गालाची हाडं वर आलीत, कारण ती बाळाला अंगावर पाजते आहे आणि रोवणीही करते आहे. नेमक्या ज्या बाईला या आहाराची सगळ्यात जास्त गरज, तिचाच चेहरा जुळायला सगळ्यात अवघड. केवायसी राहिलेली असेल तर ओटीपी हवा. ‘ताई, मोबाईल तं बाबूच्या बाबाजवळ हाये, थे नागपूरले हायेत.’ मग नागपुरात बांधकामावर असलेल्या नवऱ्याला फोन. तो उचलत नाही. उचलला तर म्हणतो, ओटीपी कुणालाच सांगायचा नाही असं बँकेनं सांगितलंय. त्याचं बरोबरच आहे. सरकारच टीव्हीवरून रोज त्याला तेच सांगतं. त्याची समजूत घालेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. पुन्हा पाठवा. तेवढ्यात रेंज जाते.

या सगळ्या खटाटोपातून सिद्ध काय करायचं? तर ही बाई तीच बाई आहे. धुऱ्यावर उभी असलेली सेविका तिला लग्न होऊन गावात आली त्या दिवसापासून ओळखते. तिच्या गरोदरपणाची नोंद तिनंच घेतली, बाळाचं वजनही तीच करते. गावातल्या सगळ्यांत खात्रीच्या ओळखीवर विश्वास नाही म्हणून दिल्लीतल्या सर्व्हरला विचारायचं आणि सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत पाकीट अंगणवाडीच्या कपाटात ठेवायचं.

‘जुळणी झाली नाही तरी कुणालाही आहार नाकारू नका, असं आम्ही सांगितलंच आहे,’ हे उत्तर मला माहीत आहे. तेही ऐकून घेऊ. मग जुळणीची टक्केवारी कमी का, असा जाब त्याच सेविकेला सभेत उभं करून विचारायचा हे कुणी सांगितलं? एका हातानं मुभा आणि दुसऱ्या हातानं टक्केवारी, अशा वेळी खालचा माणूस काय करतो हे सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. तो टक्केवारी राखतो. अन्नसुरक्षा कायद्यानं २०१३ साली गरोदर व स्तनदा मातेला आणि सहा वर्षांपर्यंतच्या बालकाला आहाराचा हक्क दिला. २०१८च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आधार नाही म्हणून बालकाचा कोणताही लाभ नाकारता येणार नाही. आता ‘आधार नाही’ असं कुणी म्हणत नाही. ‘जुळत नाही’ म्हणतात. पाकीट न मिळालेल्या घरात या दोन शब्दांतला फरक कुणाला कळायचा?

आता चोरी. आहारात चोरी होते का? होते. काही अंगणवाड्यांत हजेरी फुगवली जाते, पाकिटं विकली जातात, गुरांच्या गव्हाणीतही जातात (चव तशी असते हेही त्याचं एक कारण आहे, पण तो वेगळा विषय). हे झाकायचं कारण नाही. पण मोठी चोरी कुठे होते? सर्वोच्च न्यायालयानं २००४ सालीच आदेश दिला होता की अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावातल्या महिला मंडळांकडून आणि बचत गटांकडून काम करून घ्या. त्यानंतर पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०१९मध्ये, त्याच न्यायालयाला महाराष्ट्रातली घरपोच आहाराची निविदा प्रक्रिया रद्द करावी लागली. वाद होता लहान गटांना बाहेर ठेवणाऱ्या अटींचा. त्या अटी कुठल्याही सेविकेनं लिहिल्या नव्हत्या. निविदेच्या त्या टेबलावर कुणाचा चेहरा जुळवला जातो? पाकीट कारखान्यातून किती ग्रॅमचं निघालं, गोदामात किती दिवस पडून राहिलं, गावात पोचलं तेव्हा त्याची मुदत किती उरली होती, हे दाखवणारं अ‍ॅप सेविकेच्या हातात कुणी दिलं का? कॅमेरा साखळीच्या अगदी शेवटच्या कडीवर रोखला आहे, कारण शेवटची कडी कमी पगाराची आहे आणि बाई आहे.

बरं, कॅमेऱ्यानं चोरी थांबते हे तरी खरं आहे का? याचं उत्तर सरकारनंच दिलं आहे. रोजगार हमीच्या कामांवर २०२३पासून मजुरांचे दिवसातून दोन वेळा फोटो काढून अ‍ॅपवर हजेरी लावणं सक्तीचं झालं. तलाव खोलीकरणापासून पांदण रस्त्यांपर्यंत आमच्या जिल्ह्यातल्या हजारो हातांना या योजनेचा आधार आहे, त्यामुळे ते अ‍ॅप काय आहे हे गावोगाव ठाऊक आहे. जुलै २०२५मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानं स्वतःच परिपत्रक काढून कबूल केलं की या अ‍ॅपवर भलतेच फोटो चढवले जात आहेत, फोटोचेच फोटो काढून लावले जात आहेत. उपाय काय सांगितला? ग्रामपंचायत पातळीवर सगळे फोटो माणसांनी डोळ्यांनी तपासायचे. म्हणजे माणसावर भरवसा नाही म्हणून यंत्र आणलं आणि यंत्रावर भरवसा उरला नाही म्हणून पुन्हा माणूस बसवला. मधल्या मध्ये फोटो चढला नाही म्हणून ज्यांची रोजी बुडाली, त्या मजुरांना हे परिपत्रक कुणी वाचून दाखवलं असेल असं वाटत नाही.

खरी आकडेवारी कशी मिळते याचा महाराष्ट्राला चांगला अनुभव आहे, आणि तो मोबाईलच्या आधीचा आहे. २००१ साली डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. त्यांनी गावोगाव बालमृत्यू मोजले आणि सरकारी नोंदीत त्यातले बहुतेक मृत्यू नाहीतच हे दाखवून दिलं. नोंद का होत नव्हती? नोंदवलं तर विचारणा होते, म्हणून. भीतीपोटी मुलं कागदावर जिवंत राहत होती. पुढे २००५मध्ये औरंगाबादहून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, तेव्हा त्याची सूत्रं ज्यांच्याकडे होती त्या व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात आधी एकच गोष्ट रुजवली होती : कुपोषित मूल दाखवणाऱ्या सेविकेला शिक्षा होणार नाही. असं केलं की सुरुवातीला आकडे बिघडतात, आणि ते बिघडू देण्याचं धैर्य वरच्यांनी दाखवावं लागतं. २००५-०६च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या दोन वर्षांखालच्या मुलांत खुरटलेल्यांचं प्रमाण ३९ टक्के होतं. २०१२च्या पाहणीत ते २३ टक्क्यांच्या आसपास आलं. हे सगळं मिशनमुळेच झालं असं कुणी जाणकार म्हणणार नाही. पण त्या काळात सेविकेकडे होता वजनकाटा, रजिस्टर आणि खरं लिहायची मोकळीक. आज काटा बरा आहे, रजिस्टर आहे, मोबाईल आहे. मोकळीक कुठे आहे? वजन कमी भरलेल्या मुलाची नोंद केली की डॅशबोर्डवर तिचं केंद्र लाल दिसणार आणि लाल दिसलं की फोन येणार, हे जिला ठाऊक आहे, ती काट्यावर मूल ठेवताना काय करेल याचा अंदाज ‘कोवळी पानगळ’नं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच दिला होता.

‘म्हणजे तुम्हाला पुन्हा कागदावर जायचंय.’ नाही. कागदाचं मला काही कौतुक नाही. कागदाला वाळवी लागते, आणि २०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर भंडारा शहरातच घराघरांत शिरला तेव्हा कागदाचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. ट्रॅकरमध्ये वजन-उंची टाकली की मूल कुठल्या श्रेणीत आहे हे लगेच कळतं, पूर्वीसारखे तक्ते चाळावे लागत नाहीत. ही सोय मोठी आहे. माहेरी बाळंतपणाला गेलेल्या बाईची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत वळवायची सोयही त्यात आहे. मग तक्रार कसली? तक्रार अशी की मोबाईल आला तरी रजिस्टरं गेली नाहीत. साहेब तपासणीला आले की रजिस्टर मागतात आणि गेल्यावर एंट्री मागतात. तेच नाव, तेच वजन दोनदा. अ‍ॅपनं काम कमी केलं असं म्हणायचं असेल तर आधी एक तरी रजिस्टर बंद केल्याचा लेखी आदेश दाखवा.

आणि साधन कसं असावं याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. शेजारच्या गडचिरोलीत न्यूमोनियानं मुलं दगावत होती. श्वास मिनिटाला किती हे मोजता आलं तर न्यूमोनिया ओळखता येतो, पण गावातली दाई अक्षर न शिकलेली, तिला पन्नास-साठपर्यंत मोजता येईना. डॉ. बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत तिच्यासाठी श्वास मोजायचं एक साधं यंत्र बनवलं गेलं. वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि तारेवर मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया आहे. बस्स. ते यंत्र तिची हजेरी घेत नव्हतं, तिचा फोटो काढत नव्हतं. तिला जे कळत नव्हतं ते कळवत होतं, आणि ते कळल्यावर द्यायचं औषध तिच्याच पिशवीत होतं. पुढे त्याच जिल्ह्यात गावातल्या आरोग्यदूत बायांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि ३९ गावांतला नवजात मृत्युदर तीन वर्षांत जवळपास ६० टक्क्यांनी खाली आला. १९९९च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं आणि जगानं त्याची दखल घेतली. जे तंत्रज्ञान बाईच्या बोटाला कळतं, ते तिला कुणी सक्तीनं वापरायला लावावं लागत नाही.

मणी झाले, मोबाईलचं काय, असं कुणी म्हणेल. तर गुजरातेत झगडियाच्या सेवा रूरल या संस्थेनं आशांसाठी इमटेको नावाचं मोबाईल अ‍ॅप केलं. भरूच आणि नर्मदा जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत रीतसर तुलनात्मक चाचणी झाली, आणि आशांच्या गृहभेटी व बाळंतिणीची-बाळाची काळजी यांत त्यामुळे सुधारणा झाल्याचं दिसलं. ते अ‍ॅप सकाळी आशाला आज कुठल्या घरी जायचं ते सांगायचं, घरात काय विचारायचं ते पायरीपायरीनं दाखवायचं, आणि धोक्याचं लक्षण भरलं की प्राथमिक आरोग्य केंद्राला ते कळायचं. म्हणजे तिनं माहिती भरली की कुणीतरी हलायचं. आफ्रिकेतल्या मलावीत तर स्मार्टफोनही नव्हता. गावातला आरोग्य कर्मचारी आपल्याकडे किती गोळ्या उरल्या हे एसएमएसनं कळवायचा. किती माल द्यायचा याचा हिशेब यंत्रणा करायची आणि आरोग्य केंद्रात माल बांधून तयार झाला की त्याला परत एसएमएस यायचा, घेऊन जा. भंडाऱ्यातल्या आशाच्या पेटीत पॅरासिटामॉल संपल्याचं कुठल्या अ‍ॅपला कळतं? तिच्या मोबाईलमध्ये अ‍ॅपांची कमतरता नाही. असंसर्गजन्य आजारांचा सर्व्हे, आभा कार्ड, आयुष्मान कार्ड, लसीकरण, क्षयरोग, आणि पूर्व विदर्भाचं जुनं दुखणं असलेला सिकलसेल. प्रत्येकाची वेगळी नोंद, वेगळा लॉगिन, वेगळी डेडलाइन. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या तेव्हा ऑनलाइन कामाची सक्ती हा त्यांच्या तक्रारीतला एक ठळक मुद्दा होता. सिकलसेलचा निकाल अ‍ॅपमध्ये भरल्यावर त्या रुग्णाला पुढच्या महिन्याची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी कधी द्यायची याची आठवण तिला कोण करतं? तीच स्वतःला करते, वहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये मोबाईल आणि डिजिटल साधनांविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ही साधनं चालत्या आरोग्य व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाहीत, हे स्पष्टच म्हटलं आहे. आम्हाला हे जिनिव्हाहून कळायची गरज नव्हती. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. चौकशीत आगीचं मूळ बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरपाशी निघालं. यंत्र होतं. ते बाळ जगवण्यासाठीच आणलेलं होतं. यंत्र खरेदी करण्याचा उत्साह आणि ते सांभाळण्याची जबाबदारी यांच्यात केवढं अंतर असू शकतं, हे ज्या जिल्ह्यानं असं पाहिलं, तिथे तरी ‘मोबाईल दिला ना, आता काय अडचण आहे’ हे वाक्य जपून वापरावं.

राहता राहिला कामचुकारपणा. केंद्र सरकार सेविकेच्या मानधनापोटी महिना ४,५०० रुपये धरतं, तेही २०१८पासून. राज्याची भर घालून २०२४च्या वाढीनंतर महाराष्ट्रात तिला १३,००० मिळू लागले. तिला कर्मचारी म्हणत नाहीत, मानधनी म्हणतात. ग्रॅच्युइटी देय आहे हे ठरवायलाही एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं. आता गंमत पाहा. पगार द्यायची वेळ आली की ती स्वयंसेवी, अर्धवेळ आणि मानधनी. अ‍ॅप उघडायची वेळ आली की सकाळी केंद्र उघडल्याची नोंद, मुलांची हजेरी, आहाराचा फोटो, सगळं वेळेवर हवं, पूर्ण वेळच्या नोकरालाही लाजवेल असं. स्वयंसेविकेवर पाळत ठेवायचा अधिकार कुठल्या नियमात बसतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. पाळतच ठेवायची तर कायम करा, वेतनश्रेणी द्या, मग हजेरी घ्या. तलाठी, ग्रामसेवक, डॉक्टर, सगळ्यांना एकाच रांगेत उभं करा आणि दिवसातून दोनदा फोटो काढा. बघू किती दिवस चालतं.

पारदर्शकता हवी असेल तर ती दोन्ही बाजूंनी हवी. सेविकेच्या मोबाईलमध्ये तिच्या केंद्राचा माल तालुक्याच्या गोदामातून कधी निघाला ते दिसू द्या. तिनं अतितीव्र कुपोषित म्हणून नोंदवलेलं मूल पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालं की नाही, आणि नसेल तर कुणाकडे अडलं, तेही दिसू द्या. तिचं दुरुस्तीचं बिल कुठल्या टेबलावर आहे ते दिसू द्या. ओटीपीच्या जागी तिची आणि मदतनिसाची सही चालू द्या, निदान जुलै-ऑगस्टात तरी. आणि चेहरा पडताळणी ठेवायचीच असेल, तर प्रत्येक तालुक्यात महिन्याला किती वेळा जुळणी फसली आणि त्या महिन्यात त्यातल्या किती जणींना पाकीट मिळालं नाही, हा आकडा जिल्हा परिषदेच्या फलकावर बीटनिहाय लावा. प्रत्येक फसलेला प्रयत्न सर्व्हरपाशी नोंदलेला असणार. सेविकेची टक्केवारी काढायला जो डाटा पुरतो, तो ही बेरीज करायलाही पुरेल. तुमसर, मोहाडी, भंडारा, लाखनी, साकोली, पवनी, लाखांदूर, सात तालुक्यांच्या सात ओळी. त्या फलकावर येईपर्यंत मोबाईल कुणाला जड जातो हा प्रश्न सेविकेला विचारू नये.